एका फेरीला एक ओळ

३ जानेवारी

चिरंजीव फिरकी,

आशीर्वाद नेहमीचेच. पण आज कामाचं पत्र आहे, तेव्हा हात पुसून वाच.

पैलवान आजारी पडला आहे. तोच आपला पुस्तकबांधणीचा प्रेस, ज्याच्या दांड्याला लोंबकळून तू सातव्या वर्षी गरगर फिरायचीस आणि फिरकी हे नाव कमावलंस. चाळीस वर्षं मी चिकटवलेलं प्रत्येक पुस्तक त्यानं छातीखाली दाबून धरलं. दुकान बंद करून त्याला पुढच्या खोलीत आणला, तेव्हा तुझी मामी म्हणाली होती, "एवढा मोठा पाहुणा जन्मभर राहणार, त्याला निदान चहाचं तरी विचारा."

आता झालंय असं, की रिकामा फिरवला तर दाबाचा पाटा शहाण्यासारखा खालीवर होतो. पण पुस्तकावर टेकून जरा जोर दिला, की 'कट्' असा आवाज होतो आणि सगळा दाब सुटतो. वरच्या बीडाच्या कमानीत जो पितळी नट आहे, ज्यातून स्क्रू उतरतो, त्याच्या आतले आटे झिजले आहेत. स्क्रू धडधाकट आहे. नट तेवढा नवा हवा. आणि लोखंडात आटे पाडणारं माझं माणूस या जगात एकच आहे. मामाला भाची असावी ती अशी लेथवर काम करणारी!

घाई का, ते सांगतो. तुझी मामी वर्षभर सुट्या कागदांवर एक पुस्तक लिहिते आहे. शाळेपासून मला पाठ असलेल्या कविता मी म्हणतो, ती उतरवून घेते. एकोणसाठ झाल्या. साठावी तुझी लाडकी, घाटाची. ती झाली की कागदांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, शिवायचे, आणि ते पुस्तक मी बांधणार. दुसऱ्या कुणाकडून बांधून घेणार नाही. माझ्या हातचं ते शेवटचं असेल, असं मी नाही, माझी बोटं म्हणतात.

आता मापं. स्क्रू जाडीला दीड इंच, म्हणजे बारा सूत. (इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, तुम्ही नव्या काळातली माणसं, म्हणून सांगून ठेवतो.) आटे चौकोनी. पोलादी पट्टी उभी लावून मोजले: एका इंचात चार. म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत दोन सूत, त्यात एक सूत दात आणि एक सूत खाच. तुम्ही त्याला पिच म्हणता. मी दोन ओळींमधली जागा म्हणतो. नटाची बाहेरची मापं मागच्या पानावर. जुना नट कमानीत घट्ट आहे आणि नवा हातात आल्याशिवाय मी तो ठोकून काढणार नाही.

सोबत गुंडाळलेला कागद आहे. स्क्रूभोवती पातळ कागदाचा एक वेढा घट्ट दिला, कडेला कड मिळाली तिथे कापला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. दातांच्या रेघा कशा उमटल्यात बघ. बांधणीवाला माणूस लोखंडसुद्धा कागदावरच वाचणार!

तुझा मामा

ता. क. मामीकडून: फिरके, यांनी डोळे बारीक करून काय मोजलं ते मोजलं. मी शिलाईच्या दोऱ्यानं मोजलंय. पाट्यापासून खालच्या बैठकीपर्यंत दोरा धरला, दांड्याच्या चार फेऱ्या दिल्या, पुन्हा धरला. दोन इंचांचा फरक. म्हणजे फेरीला अर्धा इंच. चार सूत, दोन नव्हे. एका फेरीत स्क्रू एक घर उतरतो एवढं तर मलाही कळतं. हे म्हणतात, दोऱ्याला ताण पडला असेल. चाळीस वर्षं त्याच दोऱ्यानं यांची पुस्तकं शिवली, तेव्हा नाही पडला तो!


१२ जानेवारी

ती. मामा आणि मामी,

दोघांना मिळून एक नमस्कार. वाटून घ्या, त्यावरून भांडू नका.

नट मी करणार. फोरमनना विचारलं. त्यांना आम्ही हूं-साहेब म्हणतो, कारण दिवसभरात ते तेवढंच बोलतात. फक्त त्यांच्या 'हूं'चे प्रकार चार आहेत. मला तिसरा मिळाला. त्याचा अर्थ, "सुट्टीच्या दिवशी कर आणि नंतर मशीन पुसून ठेव." गनमेटलचा एक तुकडाही दिला. गनमेटल म्हणजे पितळेचा थोरला भाऊ, जास्त चिवट. तुकडा एकच आहे.

आता अडचण ऐका. आटे कापताना लेथला आधी सांगावं लागतं, की काम एकदा पूर्ण फिरलं की हत्यारानं किती पुढे सरकायचं. मामांच्या मापानं ते होतं ६.३५ मिलिमीटर. मामीच्या मापानं १२.७. बरोबर दुप्पट! पट्टी जराशी हलली, दोरा जरासा ताणला, असली ही चूक नाही. दोघांपैकी एकजण सबंधच्या सबंध चुकतंय. कोण, ते मी बोलणार नाही. मला पुढेही तुमच्याच घरी जेवायला यायचंय.

तेव्हा कृपा करून दोघं मिळून पुन्हा मोजा. मी येऊन मोजलं असतं, पण दोन दिवसांचा प्रवास, आणि इथे पंपांची मोठी ऑर्डर चालू आहे. मार्च संपेपर्यंत कुणालाच रजा नाही. स्क्रू काढून पाठवतो म्हणाल, तर नको. मामांच्या कमरेचे आटेही आता जुनेच आहेत.

तुमची फिरकी


२० जानेवारी

चि. फिरकी,

"दोघं मिळून मोजा" असं लिहायला तुला काय जातं? तुझं पत्र आल्यापासून आमच्या घरात फक्त इंच आणि सूत एवढंच बोलणं चालू आहे. परवा मी मीठ मागितलं, तर मामी म्हणाली, "तुमच्या मापानं देऊ की माझ्या?"

तरी मोजलं. मी खिडकीजवळ उजेडात बसलो, प्रत्येक दातावर टाचणी टेकवली आणि मोठ्यानं आकडा म्हटला. मामी शेजारी उभी. एका इंचात चार. तिनं स्वतः पाहिलं आणि म्हणाली, "दिसतात खरे चार." मग तिनं दोरा धरला, मी दांडा फिरवला. चार फेऱ्या, दोन इंच. मी स्वतः पाहिलं. आता बोल! दोघांनी एकमेकांचं पाहिलं, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. ती म्हणते, टाचणी एका दातावर दोनदा टेकली असणार. मी म्हणतो, फेरी मोजताना तिनं एक गाळली असणार. मग मोजल्या चार आणि गाळल्याही चार का, असं तिनं विचारलं. त्यावर मी चहा मागितला.

आमचे मराठीचे गुरुजी फळ्यावर पट्टी आपटून कविता शिकवायचे. प्रत्येक आपटीला एक ओळ. मधली शांतता इतकी सारखी, की डोळे मिटून वर्ग एका झोक्यात बसलाय असं वाटायचं. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा पहिल्या बाकावर पडायचा आणि कविता संपेपर्यंत दुसऱ्यावर सरकायचा. सारखं अंतर म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो. ते माझं चुकणार नाही, फिरके. चार म्हणजे चार.

एक गोष्ट तुलाच सांगतो. हल्ली मी काही म्हटलं, की मामी नुसतं "बरं" म्हणते. पूर्वी भांडायची. ते "बरं" मला आवडत नाही. या मापावरून मात्र ती कडाडून भांडली. मला फार छान वाटलं.

तुझा मामा


२१ जानेवारी

फिरके बाळ,

हे पत्र यांना ठाऊक नाही. पाकीट मी स्वतः पेटीत टाकते आहे.

साठावी कविता पुरी होत नाही. घाटाच्या कवितेला तीन कडवी. पहिली दोन खणखणीत म्हणतात, तिसऱ्याच्या तोंडाशी येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आपण फिरून तिथेच आलो, हे त्यांना कळतही नाही. मी पेन उचलते. लिहिल्यासारखं करते. मागच्या महिन्यात घराची किल्ली खळीच्या भांड्यात सापडली. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल पण हळूहळू. सवयीची कामं करत राहू द्या.

म्हणून हे पुस्तक. मला कवितेत काय कळतंय? उद्या त्यांनी एखादी ओळ मागितली आणि सापडली नाही, तर हातात द्यायला असावी, म्हणून लिहिते.

नट माझ्या मापानं कर. त्यांचं माप बाजूला ठेव, पण त्यांना तसं कळू देऊ नकोस. एकच तुकडा आहे म्हणतेस. तो वाया गेला तर पुस्तक राहील, आणि त्यांचे हात आज आहेत तसे सहा महिन्यांनी असतील का, कोण सांगणार? स्वतः बांधलेलं ते पुस्तक त्यांना बघायला मिळावं, एवढंच मला हवंय.

तिसरं कडवं तुला येतं का? शाळेचं पुस्तक केव्हाच हरवलं, आणि त्यांना विचारायची माझी छाती होत नाही.

मामी


२९ जानेवारी

(फक्त मामीसाठी. वाचून शिलाईच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली.)

मामी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. हूं-साहेबांनी नुसतं पाहिलं आणि आपला चहा माझ्याकडे सरकवला. हा कितवा 'हूं' होता, माहीत नाही.

माप तुझंच बरोबर, आणि माझ्याकडे पुरावा आहे. लहानपणी मामा मला दांडा फिरवायला द्यायचे तेव्हा नियम होता: एका फेरीला एक ओळ. घाटाची कविता म्हणत मी फिरायची.

घाटामधली वाट वळे,
वर वर जाता गाव कळे;
घरे चिमुकली, धूर निळा,
उन्हात हसतो दूर मळा.

अशा बारा ओळी झाल्या, की पाटा बरोबर पुस्तकाला टेकायचा. मामा आधी फळ्या रचून तशी उंची साधायचे. पाटा आणि पुस्तक यांच्यात सहा इंच मोकळे ठेवायचे, ते मला पक्कं आठवतं, कारण माझी शाळेची पट्टी ते तिथे उभी धरायचे. बारा फेऱ्यांत सहा इंच. म्हणजे फेरीला अर्धा. तुझंच.

मामांनी टाचणीनं चार मोजले, तेही त्या विसरण्यातलंच असणार. तू शेजारी उभी राहून "दिसतात खरे" म्हणालीस, ते का म्हणालीस, तेही कळलं.

तिसऱ्या कडव्याची "पाय थकावे, बैस जरा" एवढी एकच ओळ आठवते. पुढचं मलाही सापडत नाही.

फिरकी


१० फेब्रुवारी

ती. मामा,

सोबत नट. दोघांच्या मापांचा मेळ घालून केलाय, तेव्हा कुणीही हरलं नाही असं समजा. चढवण्याआधी स्क्रूला तेलाचं बोट लावा. पैलवानाला माझा नमस्कार सांगा.

फिरकी


१८ फेब्रुवारी

चि. फिरकी,

नट पोचला. काय देखणा केलायस! खिडकीत ठेवला तर भिंतीवर सोनेरी कवडसा पडला. मी तासभर तोच पाहत बसलो.

मग जुना काढण्याआधी सहज पाहावं, म्हणून पाटा सोडवला आणि तुझा नट स्क्रूच्या खालच्या टोकावर चढवायला गेलो. तोंडालाच अडला. अर्धी फेरीही घेईना. नटाचे दात माझ्या खाचांच्या दुप्पट जाड आहेत. तू चार सुतांचा आटा कापलायस. दोघांचा मेळ नाही. नुसतं मामीचं माप.

मी मामीला विचारलं. ती आधी म्हणाली, "पोरीला काय वाटलं असेल, कोण जाणे." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती. मी मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिनं ओल्या हातांनीच सगळं सांगितलं. तुला लिहिलेलं पत्र, किल्ली, घाटाची कविता.

फिरके, मी विसरतो हे मला ठाऊक आहे. तुम्हा दोघींच्या आधीपासून. तिसऱ्या कडव्यापाशी येतो तेव्हा घाटात धुकं उतरावं तसं होतं. वाट पायाखाली असते, पण दिसत नाही. मग दिसते ती पहिलीच ओळ, आणि मी आनंदानं तिला धरतो. दोनदा धरली, हे मागाहून मामीच्या चेहऱ्यावरून कळतं. ती लिहिल्यासारखं करते, आणि मी पाहिलं नाही असं करतो. आमचं बरं चाललंय.

पण आठवणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आठवायचं ते माझ्या डोक्यात असतं, तिथे हल्ली पडझड आहे. मोजायचं ते समोर असतं. दात समोर होते, टाचणी हातात होती, उजेड होता. मी चार मोजले. हे मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. एवढंच विचारतो: माझ्याजागी दुसरा कुणी गिऱ्हाईक असता आणि त्यानं दोनदा चार लिहून कळवलं असतं, तर त्याचं माप तू न विचारता बाजूला ठेवलं असतंस का?

मला वाईट कशाचं वाटलं, तर तूही मनातल्या मनात मला "बरं" म्हणालीस.

नट परत पाठवू नका म्हणालीस तर खिडकीतच ठेवतो.

मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामा, ती. मामी (आता एकाच पाकिटात, एकाच कागदावर),

मामा, नाही ठेवलं असतं. कुठल्याही गिऱ्हाइकाचं माप मी असं टाकलं नसतं. तुमचं टाकलं, कारण ते आटे मी लेथवाली म्हणून कापलेच नाहीत, भाची म्हणून कापले. माया करायला गेले आणि कारागिरी विसरले. कान धरून उभी आहे असं समजा. इथे खरोखरच धरला होता.

तुमचं पत्र घेऊन हूं-साहेबांकडे गेले. तोंडानं सांगवेना, म्हणून दोन्ही मापं त्यांच्या टेबलावर खडूनं लिहिली. इंचात चार आटे. फेरीला अर्धा इंच. त्यांनी पाहिलं. आणि मामा, ते चक्क बोलले. दोन शब्द.

"स्टार्ट किती?"

स्टार्ट म्हणजे आट्याची सुरुवात. मग धावत जाऊन कपाटातून तुम्ही पाठवलेला तो पेन्सिलीचा कागद काढला. जानेवारीपासून मी तो उघडलाही नव्हता. तुमची आठवण म्हणून जपून ठेवला होता, माप म्हणून नाही. तो परत नळीसारखा गुंडाळला आणि कडेला कड लावली.

आता बघा गंमत. साधा स्क्रू असता तर पहिली रेघ वेढा घेऊन वर चढते आणि दुसऱ्या रेघेला मिळते. तीच पुढे तिसरीला. म्हणजे एकच लांब रेघ, गोल गोल जाणारी. तुमच्या कागदावर पहिली रेघ दुसरीला मिळालीच नाही. तिला ओलांडून थेट तिसरीला मिळाली. आणि दुसरी गेली चौथीला.

पैलवानाच्या अंगावर आटा एक नाही, दोन आहेत! एक इकडून सुटतो, दुसरा बरोबर त्याच्या समोरून, अर्ध्या फेरीच्या अंतरानं. दोघं एकमेकांच्या खाचेतून शेजारी शेजारी चढत जातात आणि कुठेही एकमेकांना शिवत नाहीत. म्हणून पट्टी लावली तर दोन सुतांवर दात भेटतो: मामा बरोबर. आणि एक फेरी दिली तर प्रत्येक आटा शेजाऱ्याचं घर सोडून पुढच्या घरात उतरतो, चार सूत: मामी बरोबर. दाब घट्ट राहावा पण पाटा लवकर उतरावा, म्हणून जुने कारागीर असे दुहेरी आटे पाडत. मामी, तू "दिसतात खरे चार" म्हणालीस ते मन राखायला म्हणालीस, असं मी समजले. तुला ते खरंच दिसले होते, हो ना?

तुम्ही दोघं दोन महिने खरं बोलत होतात, आणि मी शहाणी मधे बसून एकाला खोटं ठरवत होते.

नवा नट सोबत आहे. हूं-साहेबांनी स्वतःच्या खणातून गनमेटलचा दुसरा तुकडा काढून दिला. एक आटा कापून झाला की काम अर्धी फेरी वळवून दुसरा. या वेळी तपासायला एक तात्पुरता स्क्रूही केला आणि त्यावर मामांचा कागद गुंडाळून पाहिला. रेघेवर रेघ बसली.

मग नट त्यावर हातानं फिरवत होते. आणि ओठ आपोआप हलायला लागले, एका फेरीला एक ओळ. आठ ओळी झाल्या, मी थांबणार होते, पण हात थांबले नाहीत. तिसरं कडवं हातातून आलं, मामा! खडूनं मशीनच्या पत्र्यावर लिहून काढलं. लपवून पाठवत नाही, उघड पाठवते:

पाय थकावे, बैस जरा,
खडकामधला ऐक झरा;
मी गेलो जर दूर पुढे,
हाकच आणिल तुझ्याकडे.

पहिला नट खिडकीतच राहू द्या. मला आल्यावर दिसायला हवा.

तुमची फिरकी


१७ मार्च

चि. फिरकी,

चढला. लोण्यासारखा. जुना ठोकून काढला, त्याच्या तोंडाशी दोन सुरुवाती दिसत होत्या, समोरासमोर. चाळीस वर्षं मी त्याला तेल घातलं आणि हे कधी पाहिलं नाही. मामी म्हणाली, "तुम्ही समोरचं सोडून सगळं पाहता."

आमचं भांडण असं मिटलं, की आता भांडायला काही उरलं नाही, म्हणून दोघांनाही चुकल्यासारखं झालं. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मामीनं पुस्तकाच्या कापडाचा रंग काढला. ती म्हणे निळा, मी म्हणे तांबडा. घर पुन्हा वाहतं झालं. पाठ तांबडी आणि अंग निळं ठरलंय.

साठावी कविता मामीनं तुझ्या पत्रावरून उतरवली. आपल्या हातानं फर्मे शिवले. मी पुठ्ठे कापले, खळ शिजवली (किल्ली आधी बाजूला काढून ठेवली, हे मामीला मुद्दाम सांगितलं, ती इतकी हसली की तिला बसावं लागलं). काल सकाळी पुस्तक पैलवानाखाली ठेवलं. खाली फळ्या रचून मधे सहा इंच मोकळे ठेवले. तुझी शाळेची पट्टी अजून खणात आहे, त्याच पट्टीनं.

दांडा एकट्याला जड जातो आता. मी एका टोकाला धरलं, मामीनं समोरच्या. तिला म्हटलं, तू नुसती ढकल, ओळी मी म्हणतो. ती म्हणाली, "म्हणा की, मी कुठे अडवलंय?" आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं पैलवानाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी फिरू लागलो. घाटामधली वाट वळे. एक फेरी. वर वर जाता गाव कळे. दुसरी. खिडकीतून उन्हाचा तुकडा आत आला होता, गुरुजींच्या वर्गात यायचा तसाच, आणि दर फेरीला मी त्यातून जात होतो. आठ ओळी झाल्या.

नववीपाशी मी थांबलो. अडलो की थांबलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दांडा मात्र थांबला नाही. समोरून कुणीतरी म्हणत होतं, "पाय थकावे, बैस जरा." मी मान वर केली. पन्नास वर्षांत या बाईनं माझ्यासमोर कवितेची एक ओळ म्हटलेली नाही, फिरके. भाजी चिरताना नाही, शिवताना नाही. माझ्याकडे न बघता, दांड्याकडे बघत, शाळेतल्या मुलीसारखी सगळे शब्द सारख्या जोरानं म्हणत होती. खडकामधला ऐक झरा. मी पाऊल टाकत होतो, तेवढंच. मी गेलो जर दूर पुढे. तिनं दांडा घट्ट धरला, ओळ पुरी झाली आणि फेरीही. बाराव्या ओळीला पाटा पुस्तकाला टेकला. आम्ही दोघांनी अंगचा सगळा जोर दिला. 'कट्' झालं नाही.

पुस्तक अजून दाबाखाली आहे. उद्या काढतो. मी जाऊन जाऊन त्याच्यापाशी उभा राहतो.

मामीला विचारलं, तुला सगळ्याच येतात का? म्हणाली, "साठच्या साठ. तुम्ही म्हणत होता आणि मी काय बहिरी होते?"

तुझा मामा

ता. क. मामीकडून: माझंही माप पहिल्यापासून बरोबर होतं, हे यांनी वर कुठे लिहिलंय का, मी वाचून पाहिलं. नाही लिहिलेलं. म्हणून मीच लिहिते. एका फेरीला अर्धा इंच. मार्च संपला की ये, तुझ्यासाठी दांड्याला जागा ठेवली आहे.